लोहाच्या गोळ्या आणि माझं शास्त्र

तुम्ही सगळे मला हुशार समजता, म्हणून हे एकदा सांगूनच टाकते. पेशीत लोह कसं शिरतं यावर माझी पीएच.डी. आहे, आणि गेल्या वर्षी तोच धडा शिकवताना मी वर्गात चक्कर येऊन पडले. तपासणीत निघालं की माझ्याच अंगात लोह नाही. दोन महिने नेमानं गोळ्या घेतल्या, तरी रक्त वाढेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आतून रक्त जातंय का ते दुर्बीण घालून बघू."

दवाखान्यात उचगावच्या एक वयस्कर सिस्टर आहेत. त्या दुर्बिणीची तारीख लिहून देत होत्या आणि मी भीतीपोटी त्यांना शास्त्र ऐकवत होते. "आतड्याच्या पेशीच्या पडद्यात एक प्रथिन असतं, सिस्टर. ते दरवानासारखं लोह ओळखून आत घेतं, कॅल्शियमला बाहेरच ठेवतं. माझं ते प्रथिनच बिघडलं असणार."

त्यांनी तारीख लिहिता लिहिता विचारलं, "व्हय बाई, पण गोळी कशासंगं घेता?"

"सकाळच्या चहाबरोबर."

"मग चहाच त्या लोहाला धरून ठेवतोय की. दारापतुर पोचलं तर दरवान आत घेणार न्हवं? पाण्यात लिंबू पिळून त्यासंगं घ्या."

महिन्याभरात रक्त वाढलं, दुर्बीण टळली. मी सिस्टरना विचारलं, "डॉक्टरांना आता कारण काय सांगू?"

"चहाचं खरं सांगा," त्या म्हणाल्या. "किती शिकलाय ते तेवढं सांगू नका."