भिंतीआडची रिकामी जागा

बंदराच्या ऑफिसात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते, आणि शिडाची छोटी होडी नुकतीच घेतलेला त्यांचा जावई.

“बाबा, होडी बांधायला झकास जागा मिळाली. थेट धक्क्याच्या भिंतीआड. ना वारा, ना लाटा.”

“वा. शिडाची होडी घ्यायची आणि वारा नसलेली जागा शोधायची. डोकं लागतं त्याला.”

“वादळात सुरक्षित राहील हो.”

“राहणारच. तीस वर्षं मी इथं होड्या बांधल्या, पण आम्हा आंधळ्यांना ती जागा कधी दिसलीच नाही.”

“म्हणजे, तिथं काही गडबड आहे?”

“छे. ओहोटीला पाणी नसतं, एवढंच. होडी चिखलात रुतून बसते. मग भरती आली तरी जागची हलत नाही.”

“मग खिडकीतल्या साहेबांनी मला कशाला दिली? खास राखून ठेवलीय म्हणाले.”

“मीच सांगितलं होतं त्याला.”

“तुम्ही? का?”

“जावईबापू, पोहता येतं तुम्हाला?”

“शिकतोय.”

“शिका सावकाश. तोवर माझी लेक चिखलातल्या होडीत बसलेली बरी.”