ताटावरची प्रार्थना

माझा जन्म कोल्हारचा, प्रवरेकाठचा, आजोबांपासनं आमी किरिस्ती. आई बायबलबाई हुती, म्हंजी पिशवीत शास्त्र घालून दारोदार जायचं, आजारी बायांजवळ बसायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. मरताना माझा हात धरून म्हनली, रूथ, हे आता तुझ्याकडं. आन् काय सांगू तुमाला, तिनं म्हनायच्या आधीपासनंच आतनं कायतरी मला सारखं म्हनायचं, ऊठ, जा. पन मी लई भित्री, चार मान्सांत तोंड उघडायचं म्हनलं की नकोच वाटायचं. चर्चचे पाळकसाहेब, आईचं काम घेतीस का, आसं विचारायला आले की मी मागल्या दारानं शेळीला चारा आनायला पळायची, आन् शेळी तर आमी कवाच विकलेली.

मग दुष्काळ पडला. समद्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, पाटलाची सून गंगूबाई आन् मी एकाच ढिगावर. पानी मागितलं तर ती माझ्या ओंजळीत लांबनं, वरनं ओतायची, मी बी तशीच प्यायची, वाईट वाटायचं पन बोलत नसायची. एक दिवस तिची पोर तापानं फणफणली, बाभळीखाली निजवलेली, डोळंच उघडंना. गंगूबाई माझ्याकडं आली, म्हनली, तुझी आई माझ्या सासूजवळ बसायची, तू माझ्या पोरीजवळ बस. मी म्हनले, मला न्हाई येत. खोटं बोलले. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आन् गेली.

मग माझा हातोडाच चालंना. उठले, गेले, पोरीच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले, आन् तोंडातनं काय आलं म्हनता? जेवायच्या आधी आमी ताटावर म्हनतो ती प्रार्थना. हे प्रभू, तू दिलेल्या या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. लहानपनापासनं रोज म्हनलेली, दुसरं काय सुचंचना, आन् समोर समद्या उपाशी बाया. समद्यांचे हातोडे थांबले. लाजंनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंगूबाई म्हनली, अन्न कुठंय गं? मी म्हनले, मला येवढीच आली, बाई. ती माझ्याशेजारी टेकली, माझा हात तिनं पोरीच्या कपाळावर तसाच दाबून धरला. म्हनली, मग येवढीच परत म्हन.

म्हनले. किती वेळा ते ठाऊक न्हाई.

पोर वाचली. पन त्याच दिवशी सरकारी डाक्टरनं सुई बी टोचली हुती, मग ती कशानं वाचली ते मला कसं कळावं? पाळकसाहेबांकडं मात्र मी आपली आपन गेले, म्हनले, द्या ते काम. त्याला आता दोन वर्सं झाली. लोक म्हंत्यात तुला देवानं बोलावलं. व्हय का? का गंगूबाईच्या तोंडाकडं बघवंना म्हनून उठले? भ्या गेलंय म्हनावं तर तसं बी न्हाई, कुनाच्या बी दारात गेलं की परत फिरावं वाटतंच.

बरं, देव तुमचं भलं करो, माझी एसटी यील आता. पुनतांब्याला एक म्हातारी हाय, तिचा ल्योक गेला. ती म्हनती, माझाच का, ते तुझ्या देवाला विचारून ये. मी काय सांगू तिला, मला ठाऊक न्हाई. पन जाते.