सर, नापेंगे कैसे?

...नाही, मला एक सांगा, त्या मुलीला खरं बोलायची एवढी खाज होती, तर ती माझ्याच विषयात भागवायला हवी होती का? केमिस्ट्री होतं, मॅथ्स होतं, तिथे बोलायचं होतं! तुम्हाला सांगतो, नोएडातल्या या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत मी इंजिनिअरिंगच्या पोरांना नीतिशास्त्र शिकवतो, म्हणजे पोरं मोबाइलकडे बघतात, मी घड्याळाकडे बघतो, कुणाची तक्रार नव्हती. यंदा फतवा निघाला, की प्रत्येकाने 'लर्निंग आउटकम' लिहा. कोर्स संपल्यावर पोरगं काय करून दाखवेल ते आधीच लिहून द्यायचं, आणि वर्षाअखेर त्याने ते केल्याचा पुरावा जोडायचा. नाही जोडला तर माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही. म्हणजे शिकायचं पोराने आणि नापास व्हायचं मी!

मी आपलं लिहिलं, 'विद्यार्थ्याला प्रामाणिकपणाचं महत्त्व समजेल.' आमच्या डीन विजयालक्ष्मी मॅडम, बाई इतकी गोड बोलते की गळा कापला तरी आधी 'थँक्यू' म्हणावंसं वाटतं... "बहुत सुंदर है सर. पर नापेंगे कैसे?" बरं. 'विद्यार्थी प्रामाणिक होईल.' "अच्छा है सर. पर नापेंगे कैसे?" अहो, प्रामाणिकपणा म्हणजे काय ब्लाउजपीस आहे? हे मनात. तोंडाने, "बिल्कुल, मॅडम." शेवटी वैतागून लिहिलं, 'विद्यार्थी चुकीच्या गोष्टीविरुद्ध सर्वांसमोर उभा राहून बोलेल.' मॅडम खूश. "ये हुई ना बात! कौन खड़ा हुआ, गिन लेंगे."

आणि आली की हो तपासणी कमिटी! लायब्ररीत धूळ सोडून काही नव्हतं, म्हणून ट्रस्टच्या गुरुग्रामच्या कॉलेजातून टेम्पो भरून पुस्तकं आणलेली, आणि पोरांना पढवलेलं की विचारलं तर 'रोज यहीं पढ़ते हैं' म्हणायचं. पोरं म्हणाली बिचारी. आणि मागून मीनाक्षी उठली. दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन राहणारी, स्कॉलरशिपवर शिकणारी, वर्षभर हजेरीशिवाय तोंड न उघडलेली मुलगी... "सर, ये किताबें परसों आई हैं. कल वापस जाएँगी." कमिटीसमोर! वर माझ्याकडे वळून म्हणते, "आपने ही तो सिखाया था सर. आप बताइए ना."

आता मी काय बताऊ? मॅडम हसत हसत म्हणाल्या, "बच्ची की तबियत ठीक नहीं रहती. है ना, सर?" मी मान हलवली. नुसती मान, हं! शब्द एक बोललो नाही. कमिटीने काजूकतली खाल्ली, पुस्तकांचे फोटो काढले आणि गेली. मीनाक्षीची स्कॉलरशिप शिस्तभंगाखाली गेली, मागोमाग तीही गेली, ट्रंक घेऊन गावी.

घरी आलो तर आमची पद्मजा भाजी ढवळता ढवळता विचारते, "अहो, पण ती खरंच बोलत होती ना?" घ्या! बायकोही नापायला बसली.

आणि इथे माझ्या पुराव्याचं काय यार? अख्ख्या वर्गात आउटकम गाठलं एका मुलीने, आणि नेमकं तिचंच नाव पटावरून कापलेलं! गेलो मॅडमकडे, हात जोडले. "घबराइए मत सर, आउटकम बदल दीजिए." बदललं. 'विद्यार्थी प्रसंग ओळखून शांत बसेल.' आता मी वाटच बघतोय, की म्हणणार, नापेंगे कैसे... तर नाही! कमिटीच्या भेटीचा व्हिडिओ होताच. लावला. सगळी पोरं कशी ओळीने शांत बसलेली. उभी राहिलेली तर पटावरच नाही, म्हणजे शंभर टक्के!

"और सर, बेस्ट सैंपल भी मिल गया," मॅडमनी व्हिडिओ थांबवला, बोट ठेवलं. बघतो तर पहिल्या रांगेत, मान हलवताना, मी.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. चलो... एकदाचं नापलं मला.