मेपलची पाठ

मी, रमाकांत धोंडू मेस्त्री, वय ७३ वर्षे, धंदा व्हायोलिन बनवणे व दुरुस्ती, राहणार खोली क्र. १९, दुसरा मजला, गिरगाव. आज रोजी पोलीस ठाण्यात विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

माझ्या चाळीतच खाली माझे दुकान आहे. तक्रारदार नूपुर प्रफुल्ल कारखानीस, वय २९, राहणार दादर, यांना मी ओळखतो. मी परत देत नाही अशी त्यांची तक्रार आहे, ते व्हायोलिन १९९४ साली त्यांच्या वडिलांसाठी मीच बनवले. ते गेल्या वर्षी वारले.

दिनांक ३ मे रोजी तक्रारदारांनी व्हायोलिन दुरुस्तीस दिले. पाठीला चीर होती. पाठ मेपलची आहे. मेपल सागाहून कठीण, रेषा बारीक. आवाज पिऊन टाकत नाही, बाहेर फेकते. त्यात पाण्यासारख्या लाटा असतात. रंध्याला धार नसेल तर लाट उपटून येते. लाकडाच्या माहितीची गरज नाही, असे हवालदारांनी मला सांगितले. गरज आहे. सागाला अंगचे तेल असते, मेपलला नसते. ते दमट हवेत फुगते, एसीत आकसते. हे व्हायोलिन वर्षभर एसीच्या तोंडाशी उघडे पडले होते.

मी आठ दिवसांचा वायदा केला. चीर सरसाने सांधली. तक्रारदार चार वेळा आल्या. चारही वेळा मी सांगितले, “सरस अजून ओला आहे.” चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, “काका, महिना झाला. सरस आहे की समुद्र?”

सरस तिसऱ्या दिवशीच वाळला होता. खोटे का सांगितले, असे विचारल्यावरून सांगतो की, व्हायोलिन देतानाच त्या फोनवर कुणाला तरी म्हणाल्या होत्या, “बाबांचं व्हायोलिन हॉलच्या भिंतीवर लावणार, वर स्पॉटलाइट.” दिव्याच्या उष्णतेने सांधा उघडतो. माझे दुसरे काही कारण नव्हते.

दुकानातून रोज सकाळी वाजवण्याचा आवाज येई, असे शेजारच्या शेवंतीबाईंनी पोलिसांना सांगितले आहे. मी फक्त तारा जुळवत होतो. त्याला तासभर लागतो.

आज दुपारी पोलिसांनी मला व्हायोलिनसह येथे आणले. साहेबांनी तक्रारदारांना वस्तू ओळखण्यास सांगितले. त्यांनी वाजवून दाखवली. बेसूर होते. मी म्हणालो, “तिसरं बोट वर घे गं.”

त्या म्हणाल्या, “बाबा पण असंच वाजवायचे.”

“त्यालाही वीस वर्षं हेच सांगत होतो.”

यानंतर जबाब लिहिणे दहा मिनिटे थांबले होते.

मग मी व्हायोलिन माझ्याकडच्या पेटीत घालून त्यांच्या ताब्यात दिले. तक्रार पुढे चालवायची नाही, असे त्यांनी साहेबांना सांगितले. जाताना मला विचारले, “काका, रविवारी दुकान उघडं असतं?”

असते, असे मी सांगितले. चाळीस वर्षांत रविवारी दुकान उघडलेले नाही. म्हणजे हेही खोटेच झाले, पण रविवारपर्यंत खरे होईल.

वरीलप्रमाणे लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच आहे. ‘मेपल’चे दोन ठिकाणी ‘मेपळ’ झाले होते, तेवढे सुधारून घेऊन सही करीत आहे.