क्लचवरचा पाय

माझ्या स्कूटरचं काम होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी. मिस्त्री त्यांच्या जुन्या जीपखालून हात पुसत बाहेर आला.

"काका, क्लच प्लेट पार जळलीय. म्हणून चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही."

"सहा महिन्यांपूर्वी तूच टाकलीस ना? माल हलका असेल."

"माल चांगला होता. गिअर पडल्यावरही कुणीतरी क्लचवर पाय ठेवूनच चालवतंय."

"चाळीस वर्षं चालवतोय मी. गिअर पडला की माझा पाय उचललेला असतो. मला शिकवू नकोस."

"मग ताई चालवतात का?"

"मी कुठली? बाबा मला किल्लीला हात लावू देत नाहीत."

"काका, रागावू नका. तुमची डावी चप्पल कुठंय?"

"कुठं म्हणजे? पायातच आहे की."

"बाबा, खाली बघा."

त्यांनी खाली पाहिलं; डावा पाय अनवाणी होता.

"ही घ्या. क्लचच्या पेडलखाली सापडली."

"कधी पडली?"

"तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हाच पडली असणार. तास होऊन गेला, काका, आणि तुमच्या पायाला कळलंसुद्धा नाही."

"गाडी झाली की किल्ली हिच्याकडे दे."