मांजरीची नारळी पौर्णिमा

दादाने मुंबईहून पुस्तकं धाडली की घरात नुसता दंगा! हत्तीची दिवाळी, माकडाची होळी, दर पुस्तकात एका प्राण्याचा सण! नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मांजरीचं आलं. मी मोठ्याने वाचू लागले. पहिल्या पानावर मांजर ताजी सुरमई तळून खातेय, दुसऱ्यावर नारळ घेऊन दर्यावर निघालीय.

आमचे काका मिरकरवाडा बंदरातले मच्छीमार, शेजारीच बसून ऐकत होते. ते ओरडलेच, “थांब गो! नारळ हातात, मग सुरमई आली कुठून? दर्याला नारळाचा मान द्यायच्या आधीच मासे धरायला होडी लोटली?”

“काका, चित्र आहे ते!”

“असूं दे! उद्या आम्हाला होड्या लोटायच्यात. मिट ते!”

दुसऱ्या दिवशी काकांनी आमचा नारळ दर्यात सोडला आणि पिशवीतून आणखी एक काढला. “दर्याराजा, हा त्या मांजरीचा. मुकं जनावर, तिची चूक पोटात घाल.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हां, वाच आता पुढे!”