ॲसिटोनने विसळलेला फ्लास्क

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान आणि दोन्ही लेकी, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या विश्लेषण विभागाच्या प्रमुख, आमच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. संशोधकाला एवढ्यात प्रस्तावनाही आवरत नाही, तरी बघतो.

फिट येण्यावरचं आपलं औषध आज कितीतरी घरांत आहे. लोक मला त्याचा जनक म्हणतात. मीही कधी कुणाला हटकलं नाही.

अठरा वर्षांपूर्वी हा रेणू मी बनवला आणि नमुना तपासायला बाईंकडे पाठवला. आलेखात मुख्य शिखराशेजारी एक बारीकसं टेंगूळ आलं, म्हणजे औषधात काहीतरी नको ते मिसळलं होतं. बाईंनी सही करायला साफ नकार दिला. आम्ही खाजगीत त्यांना नकारघंटा म्हणायचो. (बाई, आता कळलंच आहे तर हसून घ्या.) आपल्या संशोधन समितीचं मत पडलं, की रेणूच टिकाऊ नाही, काम बंद करा. सहा वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. मी चिडून म्हणालो, "तुमचं यंत्रच बिघडलंय!"

बाईंनी एवढंच विचारलं, "नमुन्याचा फ्लास्क कशानं विसळला होता?"

"पाण्यानं. मग ओव्हनमध्ये वाळवला."

धादांत खोटं! घाई होती म्हणून मी ॲसिटोन फिरवलं होतं. लवकर वाळतं ना! इथल्या किती जणांनी हे केलेलं नाही? हात वर करू नका, अध्यक्ष बघताहेत. आमचा रेणू ॲसिटोनला चिकटणाऱ्या जातीचा. मनात पाल चुकचुकली, पण तोंड उघडलं नाही.

तीन आठवडे बाई त्या टेंगळाच्या मागे हात धुऊन लागल्या. त्याचं वजन काढलं, तर मूळ रेणूपेक्षा बरोब्बर चाळीसनं जास्त; ॲसिटोन चिकटून पाणी बाहेर पडलं की एवढंच वाढतं. मग शुद्ध नमुन्यात मुद्दाम ॲसिटोनचा थेंब घातला. टेंगूळ हजर! दोन्ही आलेख माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तुमचा रेणू निर्दोष आहे. विसळणारा नाही. उद्या अकराला समितीची बैठक आहे, काय ते तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. फक्त ती शोधली कुणी, ते सांगितलं नाही. "आलेख बघता बघता माझ्या लक्षात आलं," असं म्हणालो. माझ्या प्रामाणिकपणाला टाळ्या पडल्या, काम वाचलं, आणि बाई शेवटच्या खुर्चीतून सगळं ऐकत होत्या.

त्यांना राग आला नव्हता असं नाही. पुढचं वर्षभर माझा प्रत्येक नमुना त्यांनी दोनदा तपासला. म्हणूनच सरकारी मंजुरीच्या वेळी आपल्या औषधावर एकही शंका निघाली नाही!

बाई, तुमच्या लेकींदेखत सांगतो, औषध मी बनवलं, पण ते वाचवलंत तुम्ही. मला तेव्हाही लाज वाटली होती, आजही वाटते.

संयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या; अठरा वर्षं गप्प बसलो, ते मात्र सांभाळून घेऊ नका. आणि माझ्यासाठी टाळ्या नकोत. त्या दिवशीच्या टाळ्या बाईंच्या होत्या. अध्यक्ष महोदय, आपणही होतात त्या समितीत. कृपया उठा. सगळेच उठा.